एअरगनचा झिरो दर पंधरवड्याला का सरकतो? स्प्रिंगच्या रायफलची तपासणी, स्क्रूपासून सुरुवात करून

एका रविवारी दहा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. पुढच्या रविवारी तीच बंदूक, तोच छर्‍यांचा डबा, तसाच कागद, आणि भोकं मात्र आमटीच्या वाटीएवढ्या जागेत उधळलेली. मग स्कोपची, म्हणजे वरच्या दुर्बिणीची, टोपी काढायची, आतली घुंडी चार क्लिक इकडे, सहा क्लिक तिकडे. दुपारपर्यंत सगळं ठीक वाटायला लागतं. पंधरा दिवसांनी परत तोच तमाशा: झिरो, म्हणजे जिथे नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी स्कोपची जुळणी, सरकलेला.

माझ्याकडे हे तीन महिने चाललं. चिपळूणला आमच्या मागच्या पडवीत साडेअकरा मीटर सरळ जागा मिळते. टोकाला जांभ्याची जाड भिंत आहे आणि तिच्यापुढे चिंध्या ठासून भरलेलं लाकडी खोकं ठेवलेलं असतं. वारा नाही, ऊन नाही. बंदूक साधी, नळी मोडून (म्हणजे सांध्यात खाली वाकवून) स्प्रिंग ताणायची, 4.5 मिमी छर्‍याची. म्हणजे सबबी सांगायला फारशी जागाच नव्हती. शेवटी तीन वेगवेगळे दोष निघाले. त्यातले दोन बंदुकीत होते, एक तर मीच घालत होतो, आणि तिसरा माझ्या डाव्या हातात होता. स्कोप निर्दोष होता. म्हणजे ज्याला मी तीन महिने पिळत बसलो होतो, तोच.

ही बंदूक इतर बंदुकांसारखी का वागत नाही, हे आधी कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ट्रिगर दाबल्यावर छर्रा लगेच निघत नाही. आधी स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते, आणि पिस्टन जवळजवळ शेवटाला पोचल्यावर छर्रा जागचा हलतो. या सगळ्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ऐकायला हे काहीच नाही, पण तेवढ्यात बंदूक हललेली असते. हिशोब सोपा आहे. पिस्टन पाव किलोचा धरा, त्याची धाव 80 मिमी आणि बंदूक साडेतीन किलोची. पिस्टन पुढे गेला की बंदूक त्या प्रमाणात मागे येणारच: 250 गुणिले 80, भागिले 3500. म्हणजे साधारण पावणेसहा मिलिमीटर. स्प्रिंगचं वजन धरलं तर थोडं जास्तच. त्यानंतर पिस्टन दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि बंदुकीला उलटा, पुढच्या दिशेने झटका बसतो. आधी मागे, लगेच पुढे. आणि छर्रा नळीच्या तोंडातून बाहेर पडतो तो या हिसक्यांच्या मधोमध.

तर ही बंदूक गोळी सुटायच्या आत हलते, आणि ते आपण थांबवू शकत नाही. दर वेळी ती तशीच, तेवढीच आणि त्याच रेषेत हलली, तर छर्रे एकाच भोकात जातील. खांद्यापासून मीटरभर लांब असलेलं नळीचं तोंड एका मिलिमीटरने जरी जास्त उचललं गेलं, तरी दहा मीटरवर छर्रा एक सेंटिमीटर वर लागतो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीशी येऊन मिळतं: धक्का दर वेळी सारखा बसतोय का?

मोठमोठ्या कारखान्यांनी या धक्क्यावर डोकं खपवलंय. जर्मनीच्या फाइनव्हेर्कबाऊने 300 एस या स्पर्धेच्या रायफलमध्ये नळी आणि सिलिंडर असा सगळा सांगाडाच दस्त्यावर रुळांवरून मागे सरकेल अशी सोय केली होती, म्हणजे धक्का नेमबाजापर्यंत पोचायलाच नको. डायनाने 60, 65, 66 या मॉडेलांत दोन पिस्टन उलट दिशांना धावते ठेवले, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याने खाल्ला. आज ऑलिंपिकच्या स्पर्धेत स्प्रिंगच उरलेली नाही. 2022 साली कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील असो की 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारा अभिनव बिंद्रा, त्यांच्या रायफलीत आधीच भरून ठेवलेली दाबाची हवा असते. त्यांच्या कागदाशी आपल्या कागदाची तुलना करून जीव जाळू नये. त्यांच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे फक्त माहिती म्हणून.

आधी कागद वाचा

पाच छर्‍यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, काहीच सांगत नाही. पाच छर्रे नशिबानेही एकत्र पडतात. निदान वीस झाडा, दहा-दहा दोन कागदांवर, आणि प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने त्याचा क्रमांक लिहा. हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे. मी तो लिहायला लागल्यावर पहिल्याच दिवशी निम्मं कोडं सुटलं. कसं ते पुढे येईलच.

भोकं उभ्या रेषेत वरखाली पसरली असतील तर आधी पकडीकडे आणि खालच्या टेकूकडे बघा, मग तेलाकडे. आडवी पसरली असतील तर ट्रिगरवरचं बोट, गालाचा दाब, किंवा बंदूक एका अंगाला कलणं. दोन वेगळे पुंजके पडत असतील, चार इथे आणि चार तिथे, तर काहीतरी सैल आहे आणि ते दोन जागांपैकी एका जागी बसतंय: दस्त्याचा स्क्रू, नळीचा सांधा, नाहीतर स्कोपच्या आतली काच. पहिल्या भोकापासून विसाव्यापर्यंत पुंजका हळूहळू एकाच दिशेने चालत गेला असेल तर स्कोपची पकड (स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारी कडी) सरकतेय. आणि कसलाच आकार नसेल, नुसता विस्कोट असेल, तर छर्रे बदलून बघा आणि नळीचं तोंड तपासा.

हे काही पंचांगातलं भविष्य नाही, दोन-तीन दोष एकत्र असले की आकार गडबडतो. पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रूही आवळले, छर्रेही बदलले, स्कोपही फिरवला, आणि नेम सुधारला, तर सुधारला कशाने ते कुणाला कळणार? पंधरा दिवसांनी पुन्हा बिघडलं की तुम्ही पुन्हा शून्यावर.

स्क्रू

हे पहिलं, कारण फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतं. नळी मोडायच्या बंदुकीत दस्त्याच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी एक-एक स्क्रू असतो आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन. प्रत्येक वेळी बंदूक मागे-पुढे हिसकते, आणि दर हिसक्याला हे स्क्रू केसभर सुटतात. माझ्या बंदुकीत दीडशे ते दोनशे छर्‍यांनंतर पुढचा उजवा स्क्रू बोटाने फिरेल इतका सैल व्हायचा. मी एका रविवारी साधारण शंभर छर्रे झाडतो. म्हणजे पंधरवडा! दर पंधरवड्याला झिरो का सरकतो, याचं पहिलं कारण कॅलेंडरमध्येच लिहिलेलं होतं.

नुसतं आवळून भागत नाही, पुन्हा सुटतात. स्क्रू पूर्ण काढा. आट्यांवरचं तेल पेट्रोलने किंवा थिनरने पुसून कोरडं करा, निळ्या रंगाच्या मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा, बसवा आणि रात्रभर राहू द्या. लाल रंगाचं लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. निळं मिळालं नाही तर नेलपॉलिशही बऱ्यापैकी चालतं. घरात मागताना कारण सांगावं लागतं, एवढंच. स्क्रूच्या डोक्याखाली दातेरी वॉशर असेल तर तो हरवू नका. आवळताना स्क्रू-ड्रायव्हर खाचेत नेमका बसणारा घ्या आणि पैलवानकी करू नका. लाकडी दस्ता असेल तर डोक्याखालचं लाकूड चेपतं आणि मग कितीही आवळला तरी स्क्रू धरत नाही.

लाकडी दस्त्याची आमच्याकडे आणखी एक गंमत आहे. जुलैत लाकूड पाणी पिऊन फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसतं. पावसाळ्यात नीट आवळलेला स्क्रू दिवाळीत आपोआप सैल सापडतो. कोकणात राहत असाल तर ऋतू बदलताना एकदा पाना फिरवायचाच.

याच वेळी नळीचा सांधा बघून घ्या. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळी अर्धवट मोडा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खटखट जाणवली तर सांध्याचा बोल्ट सैल आहे. नळी उघडून सोडल्यावर ती स्वतःच्या वजनाने धाडकन खाली पडता कामा नये, जिथे सोडाल तिथे राहिली पाहिजे. तिथला रबरी सीलही तपासा. बंद नळीच्या जोडावर टिश्यूपेपरची पातळ पट्टी ठेवून छर्रा झाडला आणि पट्टी उडाली, तर हवा गळतेय. सील स्वस्त असतो, बदलून टाका.

नळी मोडलेली असताना आणि छर्रा घालताना डाव्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, हे इथेच सांगतो. त्या वेळी ट्रिगर सुटला तर नळी झटक्यात वर येते. बोटं जातात आणि नळी वाकते ती वेगळीच.

डावा हात

आता खरा रोग.

स्क्रू पक्के केल्यावर दोन पुंजक्यांचा एक पुंजका झाला, पण तो उभा पसरलेला. वरून खाली जवळजवळ चार सेंटिमीटर. माझा समज असा की छर्‍यांचा वेग कमीजास्त होत असणार. म्हणून हिशोब करून बघितला. सेकंदाला 240 मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जाईपर्यंत नऊ मिलिमीटरच्या आत खाली येतो. वेग दहा मीटरने कमी झाला तर त्यात फरक पडतो एका मिलिमीटरपेक्षाही कमी! वीस मीटरने घटला तरी दीड मिलिमीटर. म्हणजे दहा मीटरवर चार सेंटिमीटरचा उभा पसारा वेगातल्या फरकाने होऊच शकत नाही. वीस-पंचवीस मीटरवर वेगाचा प्रश्न खरा असतो, पडवीत नाही.

कऱ्हाडचे माझे मामा गणपतीला आले होते. त्यांच्याकडे तरुणपणापासून एअरगन आहे. पाच मिनिटं मागे उभं राहून बघत होते.

"तू बंदूक धरलीयस की खोंड?"

"घट्ट नको धरू, मामा? उडते ना ती."

"उडू दे की. तू तिला आज एवढी दाबतोस, उद्या तेवढी. ती बिचारी रोज वेगळी उडणार. तळहातावर ठेव नुसती. अंडं ठेवल्यासारखी."

इंग्रजीत याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. तोफ गाड्यावर ठेवलेली असते आणि उडाल्यावर मोकळेपणी मागे येते, तशी. डाव्या हाताचा तळवा उघडा, बोटं सैल, दस्त्याला मिठी मारायची नाही. बंदूक तळव्याच्या मांसल भागावर नुसती विसावलेली. खांद्याला दस्ता टेकवायचा, रेटायचा नाही. गाल लागेल इतपतच. उजव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून पलीकडे न गुंडाळता त्याच बाजूला ठेवून बघा. पुष्कळांना त्याने फरक पडतो. बंदूक अशी वाटली पाहिजे की तुम्ही तिला धरलेलं नाही, ती तुमच्यावर टेकलीय.

पहिल्या दिवशी हे फार विचित्र वाटतं. स्कोपमध्ये फुली डुलत राहते आणि हात आपोआप आवळायला जातो. तरीही तसेच वीस छर्रे झाडा. माझा उभा पसारा त्याच दुपारी निम्म्याहून खाली आला.

तळवा कुठे ठेवायचा यावरही बरंच अवलंबून आहे. काही बंदुकांना ट्रिगर गार्डच्या लगेच पुढे आवडतं, काहींना तोल साधतो तिथे, काहींना दस्त्याच्या पुढच्या टोकाजवळ. हे पुस्तकातून कळत नाही. तीन जागा ठरवा, प्रत्येक जागेवरून दहा छर्रे, तीन कागद. ज्या जागी सर्वांत लहान ग्रुप मिळाला तिथे दस्त्याच्या खाली चिकटपट्टीची खूण करा आणि कायम तिथेच हात ठेवा. माझी खूण गार्डच्या पुढे चार बोटांवर आहे. दोन बोटं पुढे सरकलो की छर्रे सव्वा सेंटिमीटर वर जातात. छर्रा तोच, नेम तोच, फक्त टेकूची जागा बदलली.

टेबलावर ठेवून झिरो करणाऱ्यांची फसगत इथेच होते. विटेवर, खुर्चीच्या पाठीवर किंवा घट्ट भरलेल्या वाळूच्या पिशवीवर दस्ता टेकवला की बंदूक त्यावरून उसळते आणि छर्रे वर लागतात. टेबलावर केलेला झिरो मग हातात धरल्यावर चुकतो, आणि माणूस पुन्हा स्कोप पिळायला लागतो. टेकू हवाच असेल तर पिशवीवर आधी हात ठेवा, हातावर बंदूक. नाहीतर घडी केलेली मऊ गोधडी घ्या. नळी तर कशावरही टेकवायची नाही.

ट्रिगर दाबल्यावर डोकं वर करून कुठे लागलं ते बघायची घाईही सोडा. छर्रा नळीतून निघायच्या आत तुमचं डोकं हललेलं असतं. फुली जागेवर परत येईपर्यंत थांबायचं. झटक्यानंतर ती दर वेळी साधारण एकाच बाजूला परत आली तर पकड बरी. एकदा वर, एकदा उजवीकडे गेली तर कुठलातरी स्नायू लढतोय.

ट्रिगर फार जड असेल तर भंगारवाल्याचा आकड्याचा काटा लावून मोजा. दोन-अडीच किलोचे ट्रिगर स्वस्त बंदुकांत सर्रास असतात. बाहेरून फिरवता येणारा स्क्रू असेल तर त्यानेच हलका करा. आतली खाच कानशीने घासायच्या फंदात पडू नका. बंदूक जमिनीवर टेकवली तरी उडेल अशी होऊन बसते.

तेल

आता त्या पेन्सिलीच्या क्रमांकांचं. स्क्रू आणि हात सुधारल्यावरही एक खोड उरली होती. दर रविवारी पहिले बारा-पंधरा छर्रे वाटेल तिकडे जायचे, बहुतेक वर, आणि नंतर सगळं शांत. क्रमांक नसते तर मला हे दिसलंच नसतं, कारण पहिल्या पंधरांनंतर मी स्कोप फिरवायचो, मग नेमका नेम जागेवर यायचा, आणि मला वाटायचं स्कोपमुळे आला. सोळाव्या छर्‍यापासून तो तसाही येणार होता. मी फिरवलेले क्लिक मात्र पुढच्या आठवड्यासाठी चूक होऊन बसायचे.

कारण असं. आमच्याकडे हवा इतकी दमट की लोखंड उघडं ठेवायची भीती वाटते. म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी नळीतून तेलाची चिंधी फिरवून बंदूक कोपऱ्यात उभी करायचो, तोंड वर. आठवडाभर ते तेल नळीतून ओघळून खाली यायचं, थेट हवेच्या भोकापाशी. पुढच्या रविवारी पिस्टन हवा दाबतो, हवा क्षणात प्रचंड तापते, तेल पेटतं. डिझेल इंजिनमध्ये होतं तेच, म्हणून याला डिझेलिंगच म्हणतात. फटाक्यासारखा आवाज, नळीतून निळसर धूर, जळका वास. वेग भलताच वाढतो आणि दर वेळी वेगळा वाढतो, धक्क्याची तऱ्हा बदलते. मला तो दणका आवडायचा, कबूल करतो. वाटायचं, बंदूक काय जोरदार आहे! तो दणका पिस्टनचं सील आणि स्प्रिंग खात असतो.

उपाय: बंदूक ठेवताना तेलाचा हात फक्त बाहेरून. नळीच्या आतून पावसाळ्यात अगदी पुसटसा, आणि वापरायच्या आधी कोरड्या चिंध्या ओढून तो काढून टाकायचा. ठेवायची ती आडवी. हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-40, खोबरेल, काहीच सोडायचं नाही, दुकानदार काहीही सांगो.

नवी कोरी बंदूक मात्र सुरुवातीला थोडी धुमसतेच, कारखान्याचं ग्रीस असतं आत. दोन-तीनशे छर्‍यांत ते जळून जातं. तोवर नेमावर मत बनवू नका.

नळी साफ करायचं वेडही आवरतं घ्या. शिशाचा बारीक थर नळीत बसलेला असणं चांगलंच. साफ केल्यावर नळी पुन्हा जागेवर यायला दहा-वीस छर्रे घेते. नेम कशानेच सुधारत नसेल तेव्हाच साफ करा, मागच्या बाजूने दोरीला चिंधी बांधून. लोखंडी ब्रश कधीच नाही. नळीच्या तोंडाच्या कडेवर कान कोरायची कापसाची काडी हलकेच फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे टवका आहे, आणि तो छर्‍याला शेवटच्या क्षणी एका बाजूने ढकलतो. हे काम जाणत्या कारागिराकडे द्या.

छर्रे

यावर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. दहा मीटरसाठी चपट्या तोंडाचे, साधारण अर्ध्या ग्रॅमचे छर्रे घ्या. कागदावर कागद टोचायच्या यंत्राने पाडल्यासारखी गोल भोकं पडतात, मोजायला बरं. वीस मीटरच्या पुढे गोल डोक्याचे. टोकदार छर्रे दिसायला मर्दानी असतात, नेमाला बहुधा वाईट. चार प्रकारचे डबे आणा, प्रत्येकाचे वीस झाडा, बंदुकीला जो मानवेल तो घ्या, आणि एकदम पुरेसे घेऊन ठेवा. शेजाऱ्याच्या बंदुकीला जे चालतं ते तुमच्या बंदुकीला चालेलच असं नाही, दोघांची एकाच कंपनीची असली तरी.

छर्रा अंगठ्याने दाबल्यावर किंचित अडखळून बसला पाहिजे. आपोआप घरंगळून आत पडला तर तो सैल आहे. अशा छर्‍याने नेमही जातो आणि पुढे पुरेसा अडसर नसल्यामुळे पिस्टनही जोरात आपटतो. रिकामी बंदूक झाडू नये ती याच कारणाने. डब्यातले घागरा (मागचा पोकळ घेर) चेपलेले छर्रे काढून टाका. काचेच्या तुकड्यावर घरंगळवले की चेपलेला छर्रा लंगडत जातो, लगेच कळतो. शिसं आहे, नंतर हात साबणाने धुवा, मगच चहाला बसा.

स्कोप, सर्वांत शेवटी

स्कोपच्या टोप्या आता काढायला हरकत नाही. पण आधी त्याची पकड. स्प्रिंगच्या बंदुकीवर स्कोप हळूहळू मागे सरकतो, कारण शेवटचा पुढचा झटका जास्त तीव्र असतो आणि स्कोप जडत्वाने मागे राहतो. रुळावर, म्हणजे बंदुकीवरच्या ज्या पट्टीवर पकड बसते तिच्यावर, पकडीच्या मागच्या कडेला लागून पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि पन्नास छर्‍यांनी बघा. रेघ झाकली गेली असेल तर पकड सरकली. रुळावर भोक असेल तर स्टॉप-पिनची पकड घ्या आणि पिन त्या भोकात बसवा.

नळी मोडायच्या बऱ्याच बंदुकांची नळी स्कोपच्या रुळापेक्षा जराशी खाली झुकलेली असते. मग छर्रे खाली लागतात, आपण वरची घुंडी फिरवत-फिरवत शेवटापर्यंत नेतो, आणि तिथे आतली स्प्रिंग ढिली पडून फुली दर झटक्याला नाचते. म्हणून घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरते ते मोजा आणि मधोमध आणून ठेवा. मग मागच्या पकडीत स्कोपखाली जुन्या एक्सरे फिल्मची पट्टी घाला. ती सुमारे 0.2 मिमी जाड असते. दोन पकडींत दहा सेंटिमीटर अंतर असेल तर एवढ्याशा पट्टीने दहा मीटरवर छर्रा दोन सेंटिमीटर वर येतो. एक किंवा दोन पट्ट्या ठीक. त्यापुढे स्कोपची नळी पिळवटते.

क्लिकचा हिशोबही बहुतेकांचा चुकतो. घुंडीवर लिहिलेला पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) क्लिक शंभर यार्डांवर सात मिलिमीटर सरकवतो, दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरही नाही. अडीच सेंटिमीटर हलवायला तीस-पस्तीस क्लिक लागतात. चार क्लिक फिरवून "सुधारलं" म्हणणारा माणूस म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचा मी. आणि झिरो पंचवीस मीटरवर केला असेल तर दहा मीटरवर छर्रा सेंटिमीटरभर खाली लागणारच, कारण स्कोप नळीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर बसलेला असतो. तो दोष नाही, भूमिती आहे.

दारूच्या बंदुकांसाठीचे पुष्कळ स्कोप शंभर यार्डांवर जुळवलेले असतात. दहा मीटरवर डोळा जरा सरकला की फुली कागदावर सरकते. पुढचं भिंग फिरवून अंतर जुळवता येणारा आणि एअरगनच्या उलट्या झटक्यासाठी बनवलेला स्कोप घ्या. उलटा झटका न सोसणारे स्कोप, कितीही महाग असोत, आतून मोडतात. संशय असेल तर स्कोप उतरवून बंदुकीच्या मूळ साइटने वीस झाडा. ग्रुप लहान झाला तर स्कोप गेला.

एवढं सगळं करूनही जमलं नाही, झाडताना तारेसारखी झणझण ऐकू येते, ताणताना आत काहीतरी घासतं, किंवा जोर एकदम घटलाय, तर स्प्रिंग किंवा पिस्टनचं सील गेलं असेल. बंदूक तासन्‌तास ताणून ठेवणाऱ्यांच्या स्प्रिंगा लवकर मरतात. पण ती स्वतः उघडू नका. विश्रांतीतही स्प्रिंग आत दाबलेली असते, आणि दाबयंत्राशिवाय शेवटची पिन काढली तर मागचा तुकडा छातीवर येतो.

माझ्या वहीतली गेल्या तीन रविवारची नोंद: वीस छर्रे, दहा मीटर, 17 मिमी. वीस छर्रे, 19 मिमी. वीस छर्रे, 16 मिमी, एक भटकलेला सोडून. तो भटकलेला सहावा होता. त्या वेळी पडवीत मांजर आलं होतं.